कामगारांच्या हक्कांचा रेडिओ: विदर्भातल्या खेड्यातून सुरुवात कशी करायची

नोव्हेंबरातली संध्याकाळ. धुऱ्यावरच्या बाभळीला वजनकाटा टांगलेला, वेचणीच्या बाया गाठोडी घेऊन रांगेत उभ्या. काट्यावर आकडा येतो 22.600 आणि वहीत लिहिला जातो 22. वरच्या सहाशे ग्रॅमचं काय झालं, हे विचारायच्या आत मागच्या बाईचं गाठोडं काट्याला लागलेलं असतं.

माझा पहिला कार्यक्रम या सहाशे ग्रॅमवर होता. सात मिनिटांचा. तो करायला दीड महिना लागला, कारण कोणाला विचारायचं, काय रेकॉर्ड करायचं, कुठे ऐकवायचं आणि कायदा काय म्हणतो, यातलं काहीच मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

आपल्याकडे शेतमजूर आहेत, सालगडी आहेत, जिनिंगमधले, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातले, हंगामी कामगार आहेत. वणी-चंद्रपूरकडे कोळसा खाणीतले ठेकेदारी मजूर, भंडारा-गोंदियात विडी वळणाऱ्या बाया, गावोगावच्या वीटभट्ट्यांवरची कुटुंबं, मिरची तोडायला तेलंगणात जाणारे गडचिरोलीचे मजूर, आशाताई, अंगणवाडीताई. यांच्या कामाची बातमी होते ती मोर्चा निघाला तर, नाहीतर कोणी मेलं तर. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सगळे आले. पण फवारणीच्या मजुराला हातमोजे कोण देतं, पाठीवरचा पंप गळतो का, हे प्रश्न त्याच्या आधीच्या प्रत्येक हंगामातही होतेच.

आणि आवाजच का? वेचणीच्या बाईचे हात आणि डोळे कामात असतात, कान मोकळे असतात. कमरेच्या ओटीत फोन वाजत असतो. वाचता न येणाऱ्यालाही ऐकता येतं, आणि स्वतःच्या बोलीत ऐकलेलं पटतं.

1. आधी 'रेडिओ' म्हणजे नेमकं काय करणार ते ठरवा

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

परवान्याशिवाय ट्रान्समीटर लावून हवेत कार्यक्रम सोडणं गुन्हा आहे. यंत्र कितीही लहान असो, इंटरनेटवर कितीही स्वस्त मिळो, त्या वाटेला जाऊ नका. तुम्ही तर अडकालच, पण ज्यांचे आवाज रेकॉर्ड केलेत ते मजूरही चौकशीत ओढले जातील.

सामुदायिक रेडिओचा रस्ता कायदेशीर आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये म्हटलं, आणि 2006 च्या धोरणाने शिक्षणसंस्थांबरोबर सामाजिक संस्थांनाही केंद्र चालवायची परवानगी मिळाली. संस्था किमान तीन वर्षं नोंदणीकृत असावी लागते. ट्रान्समीटरची शक्ती साधारण 100 वॅटपर्यंत, म्हणजे आवाज आसपासच्या दहाएक किलोमीटरच्या गावांत जातो. मात्र दोन अटी नीट लक्षात ठेवा. एक, व्यक्तीला, राजकीय पक्षाला आणि पक्षाशी जोडलेल्या कामगार संघटनेला परवाना मिळत नाही. दोन, सामुदायिक केंद्रावर स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी देता येत नाहीत. किमान वेतन म्हणजे काय, तक्रार कुठे करायची, बांधकाम कामगाराची नोंदणी कशी होते, अशी माहिती देता येते. अमुक ठेकेदाराने चुकारा (कामाचे पैसे) बुडवला ही बातमी तिथे चालत नाही. जवळ असं केंद्र असेल तर माहितीच्या कार्यक्रमासाठी त्यांना जरूर भेटा. बातमीसाठी त्यांना अडचणीत आणू नका.

आकाशवाणीची नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर ही केंद्रं आहेत. तिथे लेखी प्रस्ताव देऊन मुलाखत किंवा माहितीपर कार्यक्रम करता येतो. वेळ लागतो, पण गावातला म्हातारा माणूस अजूनही त्या आवाजावर विश्वास ठेवतो.

स्वतंत्र बातमीदारीसाठी उरतो तो फोनचा रस्ता: रेकॉर्ड केलेला कार्यक्रम व्हॉट्सॲपवर, मेमरी कार्डावर, पॉडकास्ट म्हणून किंवा समाजमंदिरात स्पीकरवर. शेजारच्या छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. साध्या फोनवरून आपली गोष्ट सांगायची आणि दुसऱ्यांची ऐकायची. गोंडी बोलणाऱ्यांनाही त्यात जागा होती. आपल्या कामाला हा नमुना जवळचा आहे. पुढचं सगळं मी हा फोनचा रस्ता धरून लिहितो आहे. त्याला ट्रान्समीटरचा परवाना लागत नाही. बदनामीचा कायदा मात्र तिथेही लागू आहे.

याच टप्प्यावर आणखी एक ठरवा: तुम्ही संघटनेचे कार्यकर्ते आहात की बातमीदार? मराठीत ही दोन्ही कामं एका हाताने झालेली आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1880 पासून 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवलं, 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 ला रविवारची सुटी मिळवून दिली. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण तुम्ही स्वतंत्र बातमीदारी करणार असाल, तर संघटनेचा पैसा घेऊ नका, तिच्या गाडीतून फिरू नका, आणि तिच्या नेत्यालाही मुकादमाइतकेच अवघड प्रश्न विचारा. मजुराच्या बाजूचं असणं आणि संघटनेच्या पदाधिकाऱ्याच्या बाजूचं असणं, यांत फरक आहे.

2. प्रश्न एकच घ्या आणि तो लहान घ्या

'शेतमजुरांच्या समस्या' हा विषय घेतलात तर कार्यक्रम भाषण होईल. 'वेचणीच्या काट्यावरचे वरचे ग्रॅम' घेतलात तर ऐकणारी बाई रात्री आपल्या वहीत हिशोब मांडेल.

असे लहान प्रश्न प्रत्येक भागात आहेत. गडचिरोली-गोंदियात तेंदूपत्त्याच्या हंगामात विचारा, की पुडा 70 पानांचा असतो, तर फळीवर, म्हणजे पुडे गोळा करतात तिथे, शेकड्यामागे वरचे पुडे मागतात का? आणि कोणाच्या नावाने? सालगड्याला विचारा, की पाडव्याला बोली झाली तेव्हा उचल किती दिली, आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापले का, आणि हे कुठे लिहून ठेवलंय का? वीटभट्टीवर विचारा, की हजार विटा मोजतो कोण, पावसात विरघळलेल्या विटा कोणाच्या खात्यात जातात? आशाताईंना विचारा, की मोबदला शेवटचा कधी जमा झाला, आणि कोणत्या महिन्याचा?

3. सामान

याची फार चिंता करू नका. हातातला अँड्रॉइड फोन पुरतो. त्याला लागेल एवढंच:

- कॉलरला लावायचा साधा वायरचा माईक आणि त्यावर स्पंजची टोपी. ब्लूटूथचा माईक घेऊ नका, ऐन वेळी जोडणी तुटते.
- वायरचे इयरफोन. रेकॉर्ड केलेलं तिथल्या तिथे ऐकायलाच हवं.
- पॉवर बँक आणि रिकामं मेमरी कार्ड.
- संगणक मिळत असेल तर त्यात 'ऑडॅसिटी'. फुकट आहे आणि आपल्या कामाला भरपूर आहे. नसेल तर फोनवरच कापाकापी करणारं कोणतंही साधं ॲप.
- दोनशे पानी वही आणि पेन. रेकॉर्डर बंद पडतो, वही बंद पडत नाही.

पैसे जमले की हातात धरायचा छोटा रेकॉर्डर घ्या. पहिल्या वर्षी गरज नाही.

4. पहिल्या भेटीत रेकॉर्डर बाहेर काढू नका

पोडावर, टोल्यावर, मजुरांच्या वस्तीवर पहिल्यांदा जाल तेव्हा फक्त बसा आणि ऐका. तुम्ही कोण, कोणाकडून आलात, याचं काय करणार, हे सांगा. लोक पहिला प्रश्न विचारतील, "यानं आमचा काय फायदा?" खोटं बोलू नका. चुकारा मिळवून देईन असं कबूल करू नका, तो तुमच्या हातात नाही. "तुमची गोष्ट नीट तपासून दहा गावांत ऐकवीन" एवढंच तुम्ही सांगू शकता. तेवढं पुरतं, असा माझा अनुभव आहे.

वेळ कोणती निवडायची, हे फार महत्त्वाचं. वेचणी किलोवर असते. बाईचा एक तास तुम्ही घेतलात तर तिचे चार-पाच किलो गेले. ती तुम्हाला म्हणणार नाही, पण गेले. म्हणून कामाच्या वेळेत रानात जाऊन मुलाखत घेऊ नका. संध्याकाळी वजन झाल्यावर, पहाटे बोअरवर पाण्याच्या रांगेत, नाहीतर बाजाराच्या दिवशी भेटा. आठवड्याचा हिशोब बहुतेक बाजाराच्या दिवशी होतो, त्यामुळे त्या दिवशी आकडे ताजे असतात आणि रागही ताजा असतो.

परवानगी तोंडी चालते, पण ती रेकॉर्ड झालेली हवी. मी सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारतो: नाव वापरू का? आवाज वापरू का? हे तुमच्या मालकानं ऐकलं तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला जो थांबतो, त्याचं पहिलं 'हो' धरू नका. कार्यक्रम बाहेर जायच्या आदल्या दिवसापर्यंत "माझं काढून टाका" म्हणायचा अधिकार त्यांना आहे, हेही सांगा, आणि तसा फोन आला तर वाद न घालता काढून टाका.

लहान मुलं कामावर दिसली तर त्यांचं नाव, आवाज, गाव काहीही वापरू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार असेल तर 2013 च्या कायद्याने तक्रारदाराची ओळख जाहीर करायला बंदी आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिची माहिती त्या बाईला आधी द्या. कार्यक्रमाचं नंतर बघता येईल.

5. रेकॉर्डिंग

फोन विमान मोडवर टाका. मधेच फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं, आणि माणसाने एकदा मनापासून सांगितलेलं दुसऱ्यांदा तसंच येत नाही.

माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला. पंखा आणि कूलर बंद करायला सांगा. वारा असेल तर पाठ वाऱ्याकडे करून बसा आणि माईकवर दुपट्ट्याचा एक पदर घ्या. टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो, त्यापेक्षा कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोधड्या रचलेल्या कोपऱ्यात बसा. स्टुडिओला पैसे मोजून मिळते तशी शांतता तिथे फुकट मिळते. फोनमध्ये पर्याय असेल तर 'वेव्ह' फाइल ठेवा. मिनिटाला पाचेक एमबी जागा खाते, पण नंतर कापताना आवाज खराब होत नाही.

मुलाखत संपली की लगेच उठू नका. कोणीही न बोलता अर्धा मिनिट तिथली नुसती हवा रेकॉर्ड करा. वाक्यं जोडताना मधे हीच भरायची असते. शिवाय कामाचे आवाज वेगळे घ्या: काट्याच्या हुकाचा खणका, रेच्याची (सरकी काढणाऱ्या यंत्राची) घरघर, विडीच्या सुपात कात्रीचा आवाज, तेंदूचा पुडा बांधताना होणारी सळसळ. घरी बसून हे बनवता येत नाहीत.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "तुमच्यावर अन्याय होतो का?" असं विचारलंत तर "होते ना बावा" एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा विचारा: काल किती किलो झाला? आकडा कोणी वाचला? लिहिला कोणी? पैसे कोणत्या वारी आले, कोणाच्या हातात दिले? मला एका बाईने दिलेलं उत्तर असं होतं: "मजुरीचं नाई बावा, पन वजन लिवतानी वही आमाले दाखवत नाई." पूर्ण कार्यक्रम त्या एका वाक्यावर उभा राहिला.

ते वाक्य 'शुद्ध' करू नका. वऱ्हाडी वऱ्हाडीच राहू द्या, झाडीबोली झाडीबोलीच. गोंडी, माडिया, कोलामी, कोरकू बोलणारं कोणी असेल तर आधी दोन-तीन वाक्यं मूळ भाषेत पूर्ण ऐकू द्या, मग त्याखाली आवाज हळू करून मराठी सांगा. भाषांतर करणारा माणूस मुकादमाचा नातेवाईक नाही ना, हे तपासा. मेळघाटात आणि गडचिरोलीत काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

6. हिशोब कागदावर आणा

सांगणाऱ्यावर विश्वास ठेवा आणि तरीही प्रत्येक आकडा तपासा. तुमचा एक आकडा चुकला की समोरचा फक्त त्या एका आकड्यावर बोलतो आणि बाकीचं सगळं खोटं ठरवतो. मार खातो तो मजूर.

काय काय गोळा करायचं:

- मजुराची स्वतःची वही, कॅलेंडरवर मारलेल्या खुणा, घरच्या शाळकरी मुलीने लिहिलेला हिशोब. याला कमी लेखू नका. तारीखवार लिहिलेलं असेल तर हा सर्वांत मोठा पुरावा आहे.
- पगारपत्रक, हजेरी कार्ड, फाटकाचा पास.
- बँकेच्या पासबुकातली नोंद. पैसे रोख मिळाले असतील तर कोणासमोर मिळाले, त्याचं नाव वहीत.
- भविष्य निर्वाह निधीचं पासबुक. कापलेले पैसे जमा झाले का, ते मजुराच्या खाते क्रमांकावरून त्याच्याच फोनवर दिसतं.
- रोजगार हमीचं काम असेल तर जॉबकार्ड, काम मागितल्याची तारखेची पावती आणि हजेरीपट.
- बांधकाम कामगारासाठी 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र आणि मंडळाचं नोंदणी कार्ड.
- किमान वेतनाची सध्याची सरकारी दरसूची. महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. मागच्या वर्षीचा कागद घेऊन मालकासमोर बसू नका.

कायद्याची पत्रकंही जुनी निघतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने केंद्रीय कायदे त्यांत गेले. वेतन संहितेत आपल्या कामाचं बरंच आहे. रोजंदारी असेल तर पाळी संपताना पैसे, आठवड्याचा हिशोब असेल तर सुटीच्या आदल्या कामाच्या दिवशी, महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. कामावरून काढलं किंवा मजुराने काम सोडलं, तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशोब. जादा वेळेला दुप्पट दर. हे पाच आकडे पाठ असू द्या. कार्यक्रमात कलमांचे क्रमांक सांगू नका, "दोन दिवसांत हिशोब" एवढं सांगा.

सरकारी कागद हवा असेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर अपेक्षित. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. माझे पहिले दोन अर्ज याच कारणाने परत आले. दोन प्रश्न असतील तर दोन अर्ज करा.

कार्यालय बरोबर निवडा. शेत, जिनिंग, वीटभट्टी, दुकान यांच्यासाठी जिल्ह्याचं कामगार कार्यालय. कोळसा खाण आणि रेल्वेतल्या मजुरांचा विषय मात्र केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे जातो, ठेकेदार गावातला असला तरी. चुकीच्या दारात गेलं की दोन-तीन महिने सहज जातात.

7. समोरच्याची बाजू

मालक, मुकादम, ठेकेदार यांना विचारल्याशिवाय कार्यक्रम बाहेर काढू नका. हे फक्त कायद्यासाठी सांगत नाही. वेचणीच्या कार्यक्रमात ज्या कास्तकाराला मी भेटलो, त्याने सांगितलं की सकाळच्या दवाने कापूस ओला येतो, व्यापारी ओलीच्या नावाने त्याचंही वजन कापतो, म्हणून तो वरचे ग्रॅम सोडतो. त्याचं म्हणणं मजुरांना मान्य नव्हतं, कारण वजन संध्याकाळी होतं आणि तोवर दव उडालेलं असतं. पण वजनातली कापाकापी व्यापाऱ्यापासून सुरू होते आणि शेवटी बाईच्या गाठोड्यावर येऊन थांबते, हे त्या बोलण्यातून कळलं. त्याला टाळलं असतं तर कार्यक्रमातला खरा मुद्दा हुकला असता.

भेटायला जाताना कोणी काय सांगितलं ते अजिबात बोलू नका. "अशी तक्रार ऐकली आहे, तुमचं म्हणणं काय?" एवढंच. फोन उचलत नसतील तर तारीख-वेळ लिहून संदेश पाठवा, दोन दिवस द्या, आणि उत्तर आलं नाही तर कार्यक्रमात तसं सांगा.

बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 वं आहे. 'चोर', 'लुटारू' असे शब्द तुमच्या तोंडी नकोत. "वहीत 22 लिहिलं, काट्यावर 22.600 होतं" हे पुरेसं बोलकं आहे.

8. आवाज हाच चेहरा असतो

हा टप्पा घाईने वाचू नका.

दुसऱ्या हंगामात माझ्याकडून चूक झाली. एका जिनिंगमध्ये काम करणाऱ्या मावशींनी दुहेरी पाळीचे पैसे मिळत नसल्याचं सांगितलं. मी नाव काढलं, गाव काढलं, आणि तेवढं पुरेल असं धरलं. कार्यक्रम रात्री बाहेर गेला. सकाळी फाटकावर त्यांना सांगण्यात आलं, "तू आता घरीच राय." त्यांना खोकल्यावरून ओळखलं होतं. कापसाच्या धुळीने त्यांना दर दोन वाक्यांनंतर खोकला यायचा, आणि तो खोकला मी मुद्दाम ठेवला होता, कारण त्यातून जिनिंगमधली हवा ऐकू येते असं मला वाटलं. मावशी 19 दिवस घरी बसल्या. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे: कार्यक्रम बाहेर गेल्याच्या दुसऱ्या सकाळी या माणसाला काम मिळेल का?

गावात नाव लपवून काही होत नाही. बोलण्याची ढब, हसणं, एखादा ठरलेला शब्द, मागे ओरडणारी शेळी, यावरून लोक ओळखतात. म्हणून:

आवाज जाड-बारीक करणाऱ्या ॲपवर विसंबून राहू नका. ते उलटं फिरवता येतं, आणि ढब तशीच राहते. मजुराचे शब्द लिहून घ्या आणि दूरच्या गावातल्या दुसऱ्या बाईकडून वाचून घ्या. "सुरक्षेसाठी आवाज बदलला आहे, शब्द त्यांचेच आहेत" हे श्रोत्यांना स्पष्ट सांगा. दोन माणसांच्या गोष्टी मिसळून एक माणूस तयार करू नका, ती बनवाबनवी होते.

शक्य असेल तिथे एकटीला बोलायला लावू नका. आठ-दहा बाया एकत्र बसून तीच गोष्ट सांगत असतील तर एकीला काढणं मुकादमाला जड जातं. ऐन वेचणीत तर फारच जड.

मूळ रेकॉर्डिंग फोनमध्ये ठेवू नका. त्याच दिवशी मेमरी कार्डावर घ्या, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, फोनमधली पुसा. फाइलला माणसाचं नाव देऊ नका, तारीख आणि क्रमांक द्या. कोणता क्रमांक कोणाचा, हे फक्त वहीत.

9. सात मिनिटं बांधणं

पाच ते आठ मिनिटांपेक्षा लांब नको. सुरुवात कामाच्या आवाजाने करा, मग मजुराचं एक वाक्य, मग तुम्ही. तुमचं नाव आणि कार्यक्रमाचं नाव नंतर आलं तरी चालतं.

मी कागदावर कच्चा क्रम असा मांडतो: काय घडतं, कोणाचा किती तोटा, कायदा काय म्हणतो, समोरचा काय म्हणतो, आता करता काय येईल. शेवटच्या भागात एकच गोष्ट सांगा. वेचणीच्या कार्यक्रमात मी एवढंच सांगितलं, की वजन होताना काट्याचा आकडा मोठ्याने वाचा आणि तुमच्या वहीत तुम्हीही लिहा.

आकडे एका वाक्यात एकच. कानाला दोन आकडे एकदम लक्षात राहत नाहीत. 'आस्थापना', 'नियोक्ता', 'अधिनियम' हे शब्द कापा, 'जिनिंग', 'मालक', 'कायदा' म्हणा. लिहिलेलं स्वतःशी मोठ्याने वाचा, जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. पाठीमागे सिनेमाचं गाणं लावू नका. गाण्याच्या कॉपीराइटचा प्रश्न तर आहेच, शिवाय बोलणं बुडतं.

तयार झालं की एमपी-थ्री, एकच वाहिनी, 64 किलोबिट. सात मिनिटांचा कार्यक्रम साडेतीन एमबीच्या आत बसतो आणि एकच कांडी नेटवर्क असलेल्या गावातही उतरतो.

10. कानापर्यंत

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच कार्यक्रम जातो. त्यामुळे पहिल्या भेटीतच नंबर जतन करून द्या, समोर बसून. ग्रुप काढलात तर सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, मालकालाही. मजुरांसाठी ग्रुप नको, यादीच बरी.

साधा फोन असणाऱ्यांसाठी मेमरी कार्ड. तालुक्याच्या गावी गाणी भरून देणारी दुकानं असतात, तिथल्या पोराशी ओळख करा. गाण्यांच्या मधे तुमचा कार्यक्रम भरायला तो सहसा नाही म्हणत नाही.

आणि सर्वांत चांगलं म्हणजे एकत्र ऐकणं. समाजमंदिरात, पोडाच्या मधल्या झाडाखाली, छोट्या स्पीकरवर. मोठा लाऊडस्पीकर लावायचा तर पोलिसांची परवानगी घ्या, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच हवा. ऐकताना दोन ठिकाणी थांबा आणि विचारा, "तुमच्याकडे असंच होते का?" पुढच्या तीन कार्यक्रमांचे विषय तिथेच मिळतात. फक्त ते बोलणं न विचारता रेकॉर्ड करू नका.

11. दुसरी फेरी

कार्यक्रम बाहेर गेला की तिसऱ्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी त्या वस्तीवर जा. तिसऱ्या दिवशी एकच विचारायचं: कामावर कोणी काही बोललं का? बोललं असेल तर तारीख, वेळ, शब्द वहीत घ्या, आणि मजुराची इच्छा असेल तर कामगार कार्यालयात लेखी तक्रार करायला सोबत जा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख म्हणजे पोच.

पंधराव्या दिवशी काट्याजवळ उभे राहा. त्या वर्षी मी गेलो तेव्हा चार बाया आकडा मोठ्याने वाचत होत्या, "बावीस, सहाशे," आणि एकीच्या कमरेला छोटी वही खोचलेली होती. कास्तकाराच्या वहीत मात्र अजून 22 च लिहिलं जात होतं. दोन्ही गोष्टी मी पुढच्या कार्यक्रमात सांगितल्या.